ऊस ओळखता येतो, पायथन येत नाही: जिओइन्फर्मेटिक्स सोडू का?

पत्र थोडक्यात: लेखिका २२ वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात घर, वडिलांची शेती. तालुक्याच्या कॉलेजातून भूगोलात बी. एस्सी. करून सध्या पुण्यात एम. एस्सी. जिओइन्फर्मेटिक्सच्या (उपग्रह प्रतिमा आणि संगणकावरचे नकाशे यांच्या विषयाच्या) दुसऱ्या सत्रात शिकते. वर्गातली निम्मी मुलं सिव्हिल इंजिनिअरिंगची नाहीतर कॉम्प्युटर सायन्सची. ती सहज पायथन लिहितात, हिला मात्र प्रॅक्टिकलच्या वहीतल्या पायऱ्या बघून बटणं दाबावी लागतात. प्रकल्पासाठी तिने स्वतःच्या तालुक्याचा उसाचा नकाशा केला. जानेवारीतली सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची एक प्रतिमा, रँडम फॉरेस्ट ही नमुन्यांवरून पिकं ओळखायला शिकणारी संगणकी पद्धत, अचूकता ९६ टक्के. "सगळ्यांनी कौतुक केलं. पण आमच्या चुलत्यांची केळीची बाग नकाशात ऊस म्हणून आली आहे, नदीकाठचं गवतसुद्धा. मी कुणाला बोलले नाही." एक खासगी क्लास ४५ हजारांत तीन महिन्यांचा जीआयएस-पायथन (संगणकी नकाशे आणि कोड) कोर्स देतो. भाऊ म्हणतो, हे सोड आणि एमपीएससीला लाग. लेखिकेचा प्रश्न: आधी पायथन शिकू, क्लास लावू, की कोर्सच सोडून देऊ?

प्रिय मैत्रीण,

तू तीन पर्याय समोर ठेवलेस आणि त्यातला एक निवडून मागितलास. त्यांच्याकडे येऊच. पण आधी केळीच्या बागेबद्दल बोलू. ती गोष्ट तू संकोचत, जाता जाता सांगितली आहेस, आणि तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिच्यातच अडकलेली आहेत.

नकाशा बरोबर की चूक हे ९६ हा आकडा ठरवतो, आणि तो यंत्राने दिलाय म्हणजे चूक आपल्याच समजण्यात असणार, असं तू धरून चालली आहेस. बाग तू डोळ्यांनी पाहिली आहेस. आकडा कसा तयार झाला ते मात्र पाहिलेलं नाहीस. ते आता पाहू.

तू बहुधा असं केलं असशील. स्क्रीनवर उसाची, गव्हाची, पडीक जमिनीची, पाण्याची, वस्तीची मिळून पंचवीस-तीस बहुभुज, म्हणजे जागांच्या बाह्यरेषा, आखलेस. त्यांतले सगळे पिक्सेल उचललेस, ते दोन-तीन हजार भरले. मग त्यांची सरमिसळ करून ७० टक्के शिकवायला आणि ३० टक्के तपासायला ठेवलेस. प्रॅक्टिकलच्या वह्यांत पायऱ्या बहुतेक अशाच असतात. यात गोम अशी की एकाच शेतातले शेजारशेजारचे पिक्सेल दोन्हीकडे वाटले गेले. त्या शेताची माती एक, लागण एक, पाणी एक, म्हणून त्यांची मूल्यंही जवळपास सारखी. आदल्या दिवशी सोडवून घेतलेली गणितंच परीक्षेत आली, तर ९६ पडणारच.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. केळीचा वेगळा वर्ग तू ठेवला होतास का? पत्रात तसं दिसत नाही. नसेल, तर केळीच्या प्रत्येक पिक्सेलला कुठल्या ना कुठल्या वर्गात बसावंच लागणार, आणि रुंद हिरव्या पानांच्या दाट पिकाला सगळ्यात जवळचा वर्ग ऊसच आहे. शिवाय तपासणीच्या नमुन्यातही केळी नाही, त्यामुळे कन्फ्युजन मॅट्रिक्समध्ये ही चूक कधीच दिसणार नाही. तो तक्ता फक्त तू सांगितलेल्या वर्गांमधली गल्लत दाखवतो. सांगायचाच राहिला तो वर्ग त्याला ठाऊक नसतो. आणि पाणी, वस्ती, उघडी जमीन हे कुणालाही ओळखता येणारे वर्ग नमुन्यात भरपूर असले की एकूण अचूकता आपोआप फुगते. म्हणून एकूण आकड्याआधी दोन आकडे बघायची सवय लाव. नकाशात ऊस म्हटलेल्या जागांपैकी खरा ऊस किती, ही युजर्स अॅक्युरसी. खऱ्या उसापैकी नकाशाने किती पकडला, ही प्रोड्युसर्स अॅक्युरसी.

दुरुस्ती अवघड नाही. नमुन्याची वाटणी पिक्सेलवार न करता शेतवार कर. गुगल अर्थ इंजिनमध्ये, म्हणजे उपग्रह प्रतिमांवर ऑनलाइन काम करायच्या गुगलच्या सोयीत, 'रँडम कॉलम' ही पायरी 'सॅम्पल रिजन्स'च्या नंतर असेल तर वाटणी पिक्सेलची होते. तीच पायरी आधी, बहुभुजांवर लावली तर अख्खं शेत एका बाजूला जातं. एका ओळीची जागा बदलायची आहे. त्याहून चांगलं म्हणजे गावं वाटून टाकायची: आठ गावांत शिकवायचं आणि वेगळ्या चार गावांत तपासायचं. आकडा खाली येईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. खाली आलेला आकडा तोंडी परीक्षेत समर्थन करता येईल असा असतो.

आता उसाकडे येऊ, कारण इथे तुझं पारडं जड आहे आणि ते तुला माहीत नाही.

जानेवारीत तुझ्या तालुक्यात 'ऊस' म्हणजे काय काय असतं? जुलै-ऑगस्टमधली आडसाली लागण सहा महिन्यांची होऊन रान झाकून उभी असते. आदल्या वर्षीची आडसाली तुटत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी लागण गुडघ्या-मांडीएवढी, सरीतली माती अजून दिसते. 'सुरू', म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या, लागणीसाठी कुठे सऱ्या सोडून ठेवलेल्या, कुठे नुकतं बेणं दाबलेलं. खोडवा, म्हणजे तोडीनंतर त्याच खोडातून फुटलेला ऊस, तर कारखान्याच्या तोडीप्रमाणे कोणत्याही वयाचा, आणि नुकत्याच तुटलेल्या रानात पाचट पसरलेलं. उपग्रहाला यात एक पीक दिसत नाही. त्याला दाट हिरवळ, अर्धी हिरवळ आणि अर्धी माती, ओली काळी जमीन आणि वाळका पालापाचोळा अशा चार वेगळ्या गोष्टी दिसतात. त्या सगळ्यांना तू 'ऊस' असं एकच नाव दिलंस, तर रँडम फॉरेस्ट त्या वर्गाची कुंपणं इतकी रुंद करतो की केळी आणि गवत सहज आत येतात.

म्हणून शिकवताना वर्ग फोड: उभा मोठा ऊस, लहान ऊस, पाचट असलेलं रान. वर्गीकरण झाल्यावर ते एकत्र कर. आणि एका प्रतिमेवर विसंबू नकोस. जून ते मे असे महिन्या-महिन्याचे एनडीव्हीआयचे, म्हणजे हिरवेपणाच्या निर्देशांकाचे (निअर इन्फ्रारेड आणि लाल यांची वजाबाकी भागिले बेरीज), मध्यक काढ आणि बारा थरांचा एक संच कर. सोयाबीन जूनमध्ये चढतं आणि ऑक्टोबरपर्यंत उतरतं. गहू नोव्हेंबरात चढून मार्चमध्ये उतरतो. एप्रिल-मेच्या उन्हात जे हिरवं राहतं त्यात ऊस, केळी, द्राक्ष, इतर फळबागा आणि चाऱ्याची पिकं असा छोटा गट उरतो. मग भांडण फक्त या गटापुरतं उरतं.

जून ते सप्टेंबर ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा फारशा हाती लागत नाहीत. त्या महिन्यांचे थर रिकामे किंवा घाण येतील. तिथे सेंटिनेल-१ चं रडार घे, त्याला ढगांची अडचण होत नाही. रडारचं मूल्य पानांच्या रचनेवर आणि ओलाव्यावर हलतं, त्यामुळे केळी आणि ऊस वेगळे करायला त्याची मदत होऊ शकते. होईलच असं मात्र धरू नकोस. आधी दहा केळीच्या आणि दहा उसाच्या शेतांच्या वर्षभराच्या रेषा एका आलेखावर काढ. डोळ्यांना रेषा वेगळ्या दिसल्या नाहीत तर यंत्राकडूनही फार अपेक्षा ठेवू नये.

पिक्सेलच्या आकाराबद्दलही तुला घरचं माप आहे. सेंटिनेल-२ चे निळा, हिरवा, लाल आणि निअर इन्फ्रारेड हे चार बँड १० मीटरचे, म्हणजे एक पिक्सेल १०० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एक पिक्सेल जवळजवळ एक गुंठा आणि एक एकर चाळीस पिक्सेल. पाण्याचा ताण ओळखायला लागणारा शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचा बँड २० मीटरचा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये चार गुंठे. लँडसॅटचा ३० मीटरचा पिक्सेल जवळपास नऊ गुंठ्यांचा, आणि आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा, २३.५ मीटरचा, साडेपाच गुंठ्यांचा. चौरस एक एकराच्या रानाची बाजू ६३ मीटरच्या आसपास, म्हणजे आडवे-उभे सहा-सहा पिक्सेल. कडेची एक-एक रांग बांधात, पाटात, शेजाऱ्याच्या रानात मिसळलेली असते. ती काढली की निखळ असे सोळा-सतरा उरतात. आणि वाटण्या होऊन २० मीटर रुंदीची पट्टी झालेलं रान असेल, तर त्यात एकही निखळ पिक्सेल मिळेलच याची खात्री नाही. बहुभुज आखताना बांधापासून निदान १० मीटर आत राहा, आणि अर्ध्या एकराखालची शेतं शिकवायला घेऊ नकोस. हे 'मिश्र पिक्सेल' म्हणून तू वर्गात पाठ केलंच असशील. भावकीच्या वाटणीत ते काय रूप घेतं हे तुला सांगावं लागत नाही.

येत्या सुट्टीत गावी जाशील तेव्हा दोन-तीन दिवस यासाठी काढ. फोनवर क्यूफील्ड हे मोफत अॅप टाक. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये एक बिंदूंचा थर आणि त्याला पाच रकाने करून घे: पीक, लागणीचा महिना, लागण की खोडवा आणि असल्यास कितवा, ठिबक की पाटपाणी, फोटो. पीक टाइप करायला लावू नकोस, यादीतून निवडायची सोय ठेव. नाहीतर 'ऊस', 'उस' आणि 'ऊस ' हे तीन वेगळे वर्ग होतील आणि तिसऱ्यातली शेवटची मोकळी जागा तुला तासभर सापडणार नाही. फोनचं जीपीएस मोकळ्या रानात साधारण ५ मीटरपर्यंत चुकतं, तेवढं चालतं. मोठ्या उसात शिरता येत नाही, मग बांधावर उभी राहा, बिंदू घे, आणि तिथल्या तिथे पार्श्वभूमीच्या प्रतिमेवर तो शेताच्या मध्यात सरकव. बांधावरचाच बिंदू ठेवलास तर तू बांधाचा नमुना घेतलास. रस्त्याकडेची शेतं तेवढी घेऊ नकोस, कारण रस्त्यालगत आणि कालव्यालगत पीकपद्धत वेगळी असते. प्रत्येक वर्गाचे निदान ५० तपासणी बिंदू असावेत असा संकेत आहे. एवढे पायी होणार नाहीत. निम्मे जाऊन घे, उरलेले गुगल अर्थवरच्या जुन्या-नव्या स्पष्ट प्रतिमा बघून ठरव, आणि कुठले कसे ठरवले ते अहवालात लिही.

कारखान्याच्या शेतकी विभागाकडे ऊस नोंदी असतात: गट, लागणीची तारीख, जात, क्षेत्र. विभागप्रमुखांचं पत्र घेऊन गेलीस तर नोंदी बघायला मिळण्याची शक्यता बरी असते, आणि तुमच्या गटाचा चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी घेणारा कारखान्याचा माणूस, अर्ध्या तासात जे सांगेल ते कोणत्याही शोधनिबंधात नाही. ई-पीक पाहणीची नोंदही तुलनेला चांगली, फक्त ती पुष्कळदा शेतकऱ्याने स्वतः भरलेली असते हे लक्षात ठेव. शेतकऱ्यांची नावं आणि गट नंबर प्रबंधात छापायचे नाहीत. बिंदूंना नुसते अनुक्रमांक दे.

आता पायथन. 'मी मागे आहे' असं तू चार वेळा लिहिलं आहेस. वर्गमित्रांना कोड लिहिता येतो, तू त्यात मागे आहेस हे खरं आणि ते भरून काढावंच लागेल. कोडशिवाय या क्षेत्रात वर जाणं दिवसेंदिवस कठीण होतंय, यात तुला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. पण 'आधी पायथन, मग विषय' हा क्रम सोड. निव्वळ पायथनच्या कोर्समध्ये पहिला महिना याद्या, फळांची नावं आणि बेरजा करण्यात जातो. प्रश्न स्वतःचा नसला की तिसऱ्या आठवड्यात उत्साह संपतो.

तुझ्याकडे बारा महिन्यांच्या प्रतिमा कापायचं काम आहे. तिथून सुरू कर. क्यूजीआयएसमध्ये एक प्रतिमा तालुक्याच्या हद्दीने नेहमीसारखी बटणं दाबून काप. त्याच खिडकीत खाली जीडीएएलची, म्हणजे आतून प्रतिमा कापणाऱ्या साधनाची, आज्ञा लिहून आलेली दिसते, ती वाच. कुठला शब्द कुठल्या बटणाचा आहे ते जुळव. नव्या आवृत्त्यांत त्याच खिडकीच्या 'अॅडव्हान्स्ड' बटणाखाली ती कृती पायथन आज्ञा म्हणून कॉपी करता येते. ती कन्सोलमध्ये चिकटव, चालव, मग फाइलचं नाव बदलून पुन्हा चालव. तिसऱ्या वेळी कंटाळा येईल, तेव्हा 'फॉर लूप' शिक. बारा फाइली एका दमात कापल्या गेल्या की लूप म्हणजे काय ते विसरणार नाहीस. त्यानंतर अर्थ इंजिन, आणि मग पायथनमधली रास्टरिओ आणि जिओपांडास ही प्रतिमा आणि नकाशे हाताळायची साधनं. रोज एक तास दिलास तर सत्र संपेपर्यंत तू वहीशिवाय काम करू लागशील. कोड एआयकडून लिहून घेतलास तरी हरकत नाही, पण चालवण्याआधी प्रत्येक ओळीपुढे ती काय करते ते स्वतःच्या मराठीत लिही. जिथे लिहिता येणार नाही तिथे थांब.

आणि वर्गातल्या त्या कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांशी बोल. त्यांना आडसाली माहीत नाही. लूप त्यांच्याकडे आहे, पीक-दिनदर्शिका तुझ्याकडे. प्रकल्प दोघांत करायची मुभा असेल तर ही जोडी वर्गातली सगळ्यात चांगली ठरेल.

कोड बिनबोभाट चालतो आणि उत्तर चुकतं, अशा काही जागा आहेत. तिथे कोड येणारेही तुझ्यासारखेच फसतात. क्षेत्रफळाचं घे. वेब नकाशांचं जे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत) असतं, ज्याचा क्रमांक ईपीएसजी ३८५७, त्यात थेट क्षेत्र मोजलं तर १७ अंश अक्षांशावर म्हणजे तुमच्याकडे सुमारे ९ टक्के जास्त येतं, नागपूरकडे २१ अंशांवर १५ टक्क्यांच्या आसपास. १०० हेक्टर ऊस १०९ होतो, कुठेही लाल अक्षरं येत नाहीत, आणि तोच आकडा अहवालात जातो. मोजण्याआधी थर यूटीएम या मीटरमधल्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर झोनमध्ये, ईपीएसजी ३२६४३ मध्ये, आण. विदर्भातल्या वाचकांनी इथे सावध राहावं, कारण ७८ अंश पूर्व रेखावृत्तावर झोन बदलतो. अमरावती शहर ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये, यवतमाळ जिल्हा दोन्हींत. क्यूजीआयएसमध्ये डॉलर-चिन्हाचं 'एरिया' पृथ्वीची वक्रता धरतं आणि कंसातलं 'एरिया' सपाट प्रक्षेपणावर मोजतं. दोन्ही काढून बघ. फरक मोठा आला तर प्रक्षेपण चुकलंय.

सेंटिनेल-२ ची एक गोष्ट तर नव्या-जुन्या प्रतिमा एकत्र करणाऱ्या प्रत्येकाला चावते. युरोपीय अंतराळ संस्थेने २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेची पद्धत बदलली. तेव्हापासून पिक्सेलच्या मूल्यात १००० मिळवलेले असतात. परावर्तन काढताना ते वजा करून मग १०,००० ने भागायचं. न केलं तर काय होतं ते बघ. फाइलमध्ये लाल १५०० आणि निअर इन्फ्रारेड ४००० आहे. तसंच सूत्रात घातलं तर वजाबाकी २५००, बेरीज ५५००, एनडीव्हीआय ०.४५. हजार वजा करून घातलं तर ५०० आणि ३०००, वजाबाकी तीच २५००, बेरीज ३५००, एनडीव्हीआय ०.७१. एकच शेत, एकच दिवस. एकात पीक ताणाखाली, दुसऱ्यात जोमदार. २०२१ आणि २०२३ ची तुलना करणाऱ्याला यातून 'दुष्काळ' सापडू शकतो. अर्थ इंजिनमध्ये नावात 'हार्मोनाइज्ड' असलेला संच घेतलास तर ही काळजी मिटते. फाइल थेट उतरवलीस तर सोबतच्या माहितीफाइलमध्ये ऑफसेट आहे का ते बघ. जुन्या प्रतिमाही पुढे नव्या पद्धतीने पुन्हा तयार केलेल्या असतात, म्हणून नुसत्या तारखेवर जाऊ नकोस.

शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपलीकडे तुटतं आणि देवनागरी मजकुराची अनेकदा प्रश्नचिन्हं होतात. जिओपॅकेज वापर, विषय संपला.

लॅपटॉपची चिंताही तू लिहिली आहेस. ८ जीबी रॅम पुरते. सेंटिनेल-२ ची पूर्ण टाइल १०,९८० गुणिले १०,९८० पिक्सेलची, एक बँड उघडला की २४० एमबी. तेरा बँड एकदम उघडून वर्गीकरण लावलंस तर यंत्र गोठणारच. ३० गुणिले ३० किलोमीटरचा तालुका कापून घेतलास तर तोच बँड १८ एमबी. आधी काप, मग काम कर. रडारच्या प्रतिमांवरची प्रक्रिया मात्र घरच्या यंत्रावर करू नकोस, ती अर्थ इंजिनवर तयार मिळते. पैसे खर्च करायचेच तर एसएसडी घाल.

त्या ४५ हजारांच्या क्लासबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. तू ज्या विषयाची फी आधीच भरली आहेस त्यातलाच भाग पुन्हा विकत घेणं ते आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे, म्हणजे आयआयआरएसचे, ऑनलाइन कोर्स मोफत असतात आणि प्रमाणपत्रही मिळतं. क्यूजीआयएसची अधिकृत प्रशिक्षण पुस्तिका मोफत आहे. भारतीय उपग्रहांच्या प्रतिमांसाठी इस्रोच्या एनआरएससी या केंद्राचं भूनिधी पोर्टल आहे. ज्यांना विद्यापीठाचा आधारच नाही अशा कुणाला क्लास लावायचा असेल, तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. माझ्या जिल्ह्याचा, मी आणलेला डेटा घेऊन प्रकल्प करता येईल का? आणि मागच्या तुकडीतल्या एखाद्याचं पूर्ण काम, चुकांच्या तक्त्यासह, बघायला मिळेल का? दोन्हींना नाही असं उत्तर आलं तर तिथे बटणांचा क्रम शिकवतात असं समजावं, आणि तो तुझ्या वहीत आहेच.

भावाचं म्हणणं उडवून लावू नकोस. त्याच्या काळजीत तथ्य आहे. सरकारी बाजूला नागपूरच्या एमआरसॅकसारख्या (राज्याचं सुदूर संवेदन केंद्र) संस्था आहेत, पण तिथल्या बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. खासगी कंपन्यांत सुरुवातीचं काम पुष्कळदा दिवसभर रेषा आणि इमारती आखण्याचं असतं आणि पगार बेताचा. हे माहीत असून पाय टाकावा. दुसऱ्या बाजूने, केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आणि २०२२ चं राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण यांनी नकाशे करण्यावरची बरीच बंधनं सैल झाली. पीक विमा, साखर कारखाने, महापालिकांचं मालमत्ता सर्वेक्षण, गावठाणांची ड्रोन मोजणी, पाणलोट अशा ठिकाणी काम वाढतंय. पुढे शिकायचं असेल तर २०२२ पासून गेट या प्रवेशपरीक्षेत जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे, आणि मुंबईत आयआयटीमधलं सीएसआरई हे याच विषयाचं जुनं केंद्र आहे.

एमपीएससीला जायचं तर जरूर जा, पण प्रशासनात काम करायची ओढ आहे म्हणून जा. पायथन येत नाही म्हणून नको. आणि आत्ता, सत्राच्या मध्यात, सोडू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिलं वर्ष पूर्ण करून पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय ठेवलेली आहे. तुमच्याकडे त्यासाठी किती क्रेडिट लागतात ते विभागात विचार. म्हणजे निर्णय उन्हाळ्यात, दुरुस्त केलेला प्रकल्प हातात असताना घेता येईल. ते काम करताना वेळेचं भान सुटलं का, की प्रत्येक तास ढकलावा लागला, यावरून तुला जे कळेल ते इथून कुणाला सांगता येणार नाही.

राहिली सरांशी बोलायची गोष्ट. 'नकाशा चुकलाय' एवढंच सांगायला जाऊ नकोस. तीन जागांचे फोटो, त्यांचे अक्षांश-रेखांश, नकाशातला तेवढाच तुकडा, आणि शेतवार वाटणी केल्यावर आलेला नवा तक्ता एका कागदावर घेऊन जा. विचार, "सर, पिक्सेलवार वाटणीमुळे अचूकता जास्त आली असं मला वाटतं, हे तपासून द्याल का?" चांगल्या शिक्षकाला असा प्रश्न हवाच असतो. ज्यांना आवडणार नाही त्यांनाही कागदावरचा पुरावा बाजूला सारणं जड जातं.

अहवालात उसाचं क्षेत्र लिहिताना नुसते पिक्सेल मोजून लिहू नकोस. समज, ५०,००० हेक्टरच्या तालुक्यात नकाशा २०,००० हेक्टर ऊस दाखवतो. नकाशातल्या 'ऊस' भागातून शंभर बिंदू यदृच्छेने काढून तपासलेस, त्यांत खरा ऊस ७८ ठिकाणी निघाला. उरलेल्या ३०,००० हेक्टरमधून शंभर बिंदू काढलेस, त्यांत ५ ठिकाणी ऊस सापडला. मग २०,००० चे ७८ टक्के म्हणजे १५,६००, अधिक ३०,००० चे ५ टक्के म्हणजे १,५००, एकूण १७,१०० हेक्टर. स्तरित नमुन्याच्या सूत्राने ९५ टक्के विश्वासाची मर्यादा काढलीस तर ती साधारण अधिक-उणे २,१०० हेक्टर येते. अहवालात '१७,१०० ± २,१०० हेक्टर' असं लिही, खाली नमुना कसा निवडला ते चार ओळींत दे, आणि त्याच्या शेजारी कारखान्याच्या नोंदीतला आकडा ठेव. दोन्हींत फरक आला तर पहिली शंका हंगामाची घे: नोंद गळीत हंगामाची असते, आणि तुझा नकाशा जून ते मे.